कुळांच्या बाजूने उभा राहिलेला जमीनदार

आयर्लंडचा एकोणिसाव्या शतकातला नेता चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल स्वतः जमीनदार होता, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. १८४६ साली, बटाट्याच्या दुष्काळात, विक्लो परगण्यातल्या ॲव्हनडेलच्या वाड्यात तो जन्मला. घराणं प्रॉटेस्टंट, शिक्षण केंब्रिजला, तेही पदवीविना. आयर्लंडची बहुतेक जमीन अशाच मोजक्या घराण्यांची होती. ती कसणाऱ्या कुळांचा खंड थकला की त्यांना बायकापोरांसह घराबाहेर काढत.

१८७५ मध्ये पार्नेल ब्रिटिश पार्लमेंटात गेला. पुढे पिकं बुडाली आणि १८७९ मध्ये मायकल डेव्हिटने लँड लीग ही कुळांसाठी लढणारी संघटना उभी केली. डेव्हिट लहान असताना त्याच्याच कुटुंबाला जमिनीवरून हाकललं होतं. लीगचं अध्यक्षपद मात्र पार्नेलकडे आलं.

१९ सप्टेंबर १८८०, एनिस गाव. शेजाऱ्याला काढून रिकामी केलेली जमीन जो कसायला घेईल, त्याचं काय करायचं, असं त्याने सभेला विचारलं. गर्दीतून आवाज आला, गोळी घाला! पार्नेल म्हणाला, त्याहून चांगला मार्ग आहे. रस्त्यात, दुकानात, बाजारात, अगदी चर्चमध्येही त्याच्याशी बोलू नका. आपल्या भाषेत, वाळीत टाका. काही दिवसांतच मेयो परगण्यातला जमीनदाराचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट याच्या वाट्याला हे आलं. गडीमाणसं निघून गेली, दुकानदार माल देईनात. बाहेरून आणलेल्या ५० मजुरांनी पीक काढलं, तेही सुमारे हजार सैनिक-पोलिसांच्या पहाऱ्यात. त्याचं आडनाव जगभर शब्द होऊन गेलं. टिळकांच्या चतुःसूत्रीतला बहिष्कार याच जातीचा, आणि १९१६ च्या त्यांच्या होमरूल लीगचं नावही आयर्लंडचंच.

१८८१ च्या कायद्याने खंड ठरवायला न्यायालयं दिली. त्याच वर्षी पार्नेल तुरुंगातही गेला.

मला सगळ्यात हलवून जाते ती १८८३ ची वर्गणी. खंडाविरुद्ध लढणाऱ्या या माणसाची स्वतःची जमीन गहाण पडली होती. ती सोडवायला लोकांनी ३७ हजार पौंडांहून जास्त रक्कम जमवली. पोपने नापसंती कळवली, तर वर्गणीचा ओघ उलट वाढला.

आयर्लंडला स्वराज्य देऊ पाहणारं १८८६ चं होमरूल विधेयक पडलं. १८९० मध्ये पार्नेलची प्रेयसी कॅथरीन ओशे हिच्या घटस्फोटाच्या खटल्यात त्याचं नाव आलं आणि त्याचा पक्ष दुभंगला. ६ ऑक्टोबर १८९१ रोजी, ४५ व्या वर्षी, तो ब्रायटनजवळच्या होव्ह इथे वारला. डब्लिनच्या ग्लासनेविन दफनभूमीत त्याच्यावर विक्लोचा एक अनघड ग्रॅनाइट दगड आहे. त्यावर फक्त आडनाव कोरलंय.