मधुमेह असताना वजन उतरवायचं, तर आधी गोळ्यांची चिठ्ठी

आमच्याकडून आहारतक्ता किंवा डबा घेणाऱ्या, टाइप २ मधुमेह असलेल्या ग्राहकांसाठी

पहिल्या भेटीत आम्ही वजनकाट्याच्या आधी औषधांची चिठ्ठी मागतो. डॉक्टरांनी गोळीचा डोस ठरवला, तो तेव्हाच्या तुमच्या जेवणावर. आता ताट हलकं केलं आणि गोळी तेवढीच राहिली, तर ती गोळी जास्त होते. शुगर खाली येते, घाम फुटतो, हात थरथरतात आणि घाबरून साखर, बिस्किटं, चिवडा, हाताला लागेल ते खाल्लं जातं. पंधरा मिनिटांत दोनशे-तीनशे कॅलरी पोटात जातात. आठवड्यातून तीन-चारदा असं झालं, तर दिवसभर पोटाला मारलेला चिमटा फुकट जातो. ‘मोजून खाते, तरी काटा हलत नाही’ असं कुणी म्हटलं की आम्ही सर्वांत आधी हेच तपासतो.

तुमची गोळी कोणत्या गटातली?

स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात घटकांची नावं असतात. एकाच गोळीत दोन-तीन औषधं असणं आपल्याकडे नेहमीचं आहे, म्हणून सगळी नावं वाचा.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड किंवा ग्लायबेनक्लामाइड यांपैकी एखादं नाव दिसलं किंवा इन्सुलिन चालू असेल, तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांना भेटणं सक्तीचं समजा. ही औषधं तुम्ही जेवलात की नाही याची वाट पाहत नाहीत. सकाळी गोळी घेतली आणि नाश्ता टाळला की अकराच्या सुमारास शुगर उतरते. रात्रीची गोळी घेऊन नुसतं सूप प्यायलं तर पहाटे उतरते. झोपेत ते कळत नाही. अंगावरचे कपडे घामानं ओले होणं, वाईट स्वप्नं, उठल्यावर डोकं जड असणं, या खुणा दिसल्या तर एखाद्या पहाटे तीन वाजता उठून शुगर मोजा.

मेटफॉर्मिन, सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन ही औषधं एकटी असताना शुगर सहसा फार खाली नेत नाहीत. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. ते कमी असलं की थकवा येतो, पायाला मुंग्या येतात, आणि तो दोष डाएटवर जातो.

डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्यानं थोडं वजनही उतरतं. पण या गोळ्यांवर असताना भाकरी-भात जवळजवळ बंद करणं किंवा कडकडीत उपास करणं धोक्याचं आहे. रक्तात आम्ल साचण्याचा विकार होऊ शकतो, आणि त्यात शुगर फार वाढलेली नसल्यानं मीटरवरून शंकाही येत नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागणं असं झालं तर थेट रुग्णालयात जा आणि कोणती गोळी चालू आहे ते सांगा.

पायोग्लिटाझोन आणि इन्सुलिन यांनी वजन वाढू शकतं. म्हणून ती परस्पर बंद करू नका. दुसरा पर्याय आहे का, हे डॉक्टरांना विचारा. औषध कमी करणं, बदलणं, थांबवणं हा निर्णय त्यांचाच. आमचं काम आहे तक्ता कधीपासून बदलतोय आणि रोजची पिष्टमय पदार्थांची मात्रा साधारण किती कमी होणार, हे तुम्हाला लिहून देणं. तो कागद घेऊनच डॉक्टरांकडे जा.

रक्तदाबाच्या गोळ्याही याच हिशेबात धरा. वजन पाच-सात किलो उतरलं की जुना डोस जड पडू शकतो. खुर्चीतून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर बसून आणि उभं राहून, असा दोनदा रक्तदाब मोजून घ्या.

शुगर उतरली तर नेमकं काय घ्यायचं

मीटरवर ७० च्या खाली आकडा म्हणजे शुगर उतरली. मीटर जवळ नसेल आणि लक्षणं असतील, तर उतरली आहे असं धरूनच चाला. १५ ग्रॅम साखर म्हणजे सपाट तीन छोटे चमचे. पाण्यात विरघळवून प्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. अजून ७० च्या खाली असेल तर तेवढीच मात्रा परत घ्या. जेवायला तासाभराहून जास्त अवकाश असेल तर नंतर अर्धी पोळी किंवा कपभर दूध घ्या. एवढंच पुरतं. पेढा, चॉकलेट, आइस्क्रीम यांतल्या तुपा-मलईमुळे साखर रक्तात उशिरा पोचते, म्हणून ऐन वेळी त्यांचा उपयोग होत नाही.

तुमच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साधी साखर नीट काम करत नाही, कारण साखर फोडणाऱ्या आतड्यातल्या प्रक्रियेलाच ते औषध अडवतं. अशांनी मेडिकलच्या दुकानात मिळणारी ग्लुकोज पावडर खिशात किंवा पर्समध्ये ठेवावी. मात्रा तीच, १५ ग्रॅम. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज एकत्र असलेली गोळी आपल्याकडे सर्रास दिली जाते, त्यामुळे ही सूचना घरातल्या माणसांनाही सांगून ठेवा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

एका आठवड्यात दोनदा शुगर उतरली तर तक्ता तिथंच थांबवा आणि डॉक्टरांना कळवा.

किती उतरवायचं, किती वेगानं

भारतीयांसाठी बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा) २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. पहिलं लक्ष्य मात्र आम्ही लहान ठेवतो: आत्ताच्या वजनाच्या पाच टक्के. ७८ किलोच्या माणसासाठी हे जेमतेम चार किलो. एवढ्यानंही उपाशीपोटीची शुगर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) आणि रक्तदाब यांत फरक दिसू लागतो. वेग आठवड्याला अर्धा किलो. पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो गेले तर त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. तिसऱ्या आठवड्यात वेग मंदावला म्हणून निराश होऊ नका.

‘मधुमेह उलटवतो’ अशा जाहिराती सगळीकडे दिसतात, म्हणून त्यामागची खरी माहिती देतो. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ या अभ्यासाच्या पहिल्या वर्षाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. निदान होऊन सहा वर्षांच्या आतले आणि इन्सुलिन न घेणारे लोक त्यात होते. त्यांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण सव्वाआठशे ते साडेआठशे कॅलरींचा द्रव आहार दिला गेला. ज्यांचं वजन १५ किलो किंवा त्याहून जास्त उतरलं, त्यांच्यापैकी ८६ टक्के लोकांची शुगर वर्षअखेर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या मर्यादेखाली होती. जाहिरातीत न येणारी गोष्ट म्हणजे मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी वैद्यकीय देखरेखीखाली थांबवल्या होत्या. जुनी गोळी चालू ठेवून घरच्या घरी ८०० कॅलरींवर जाणं म्हणजे तो प्रयोग नव्हे. तो अपघात आहे. असा आहार आम्ही देत नाही.

ताट

गव्हाऐवजी ज्वारी खाल्ली की वजन उतरतं, असा समज आहे. १०० ग्रॅम पिठात ज्वारीच्या सुमारे ३३५ कॅलरी, गव्हाच्या ३२०. फरक पडतो तो मापानं. थापून केलेल्या मोठ्या भाकरीला ८०-९० ग्रॅम पीठ सहज लागतं, फुलक्याला २५. म्हणून स्वयंपाकघरात ५०० रुपयांच्या आसपास मिळणारा डिजिटल काटा आणा आणि पहिले पंधरा दिवस पीठ, डाळ, तांदूळ कच्चे तोलून घ्या. नंतर हाताला अंदाज येतो.

मध्यम उंचीच्या, बैठं काम करणाऱ्या स्त्रीसाठी एका दिवसाचा नमुना असा. सकाळी ४० ग्रॅम मूगडाळीची दोन धिरडी आणि एक अंडं. दुपारी ५० ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी, ३० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ, वाटी भरून पालेभाजी, काकडीची कोशिंबीर, १०० ग्रॅम दही. चारच्या सुमारास ३० ग्रॅम फुटाणे, बिनसाखरेचा चहा आणि एखादा पेरू. रात्री दोन फुलके, २५ ग्रॅम तूरडाळीचं वरण, फळभाजी आणि ५० ग्रॅम पनीर. मासे खाणाऱ्यांनी पनीरऐवजी बांगड्याचे दोन तुकडे, तव्यावर. हे साधारण १३०० ते १४०० कॅलरी आणि ५५ ते ६० ग्रॅम प्रथिनं होतात. पुरुषांना आणि अंगमेहनतीच्या कामात असलेल्यांना हे अपुरं आहे. त्यांचा तक्ता वेगळा करतो.

प्रथिनांवर आमचा भर आहे, कारण पन्नाशीपुढे भूक मारून उतरवलेल्या वजनात स्नायूही जातात, आणि जेवणानंतरची साखर सर्वांत जास्त स्नायूच शोषतात. मात्र क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी) वाढलेलं असेल किंवा लघवीतून प्रथिन जात असेल तर ही मात्रा डॉक्टरांना विचारून ठरते. म्हणून ते दोन्ही अहवाल आम्ही मागतो.

तेलाचा हिशेब मात्र ताटावर बसत नाही, तो महिन्याच्या किराण्यावर बसतो. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल तर माणशी रोज सुमारे ४० मिलिलिटर तेल पोटात जातं, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास कॅलरी. तोच डबा दोन महिने पुरवला तर दुसरं काहीही न बदलता रोजच्या पावणेदोनशे कॅलरी कमी होतात, आणि गोळीच्या डोसवर त्याचा ताण भाकरी कमी करण्याइतका लगेच येत नाही. सुरुवात इथूनच करा, असा आमचा आग्रह असतो. फोडणीला बाटलीतून धार धरू नका, चमच्यानं मोजा: एका भाजीला माणशी एक छोटा चमचा.

उपास आणि दोनदाच जेवण

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रथिन नावाला. ५० ग्रॅम साबुदाणा, मूठभर दाण्याचं कूट आणि दोन चमचे तूप घातलेली खिचडी साडेतीनशे कॅलरींच्या पुढे जाते आणि दोन तासांनी शुगर उंच नेते. राजगिऱ्याची भाकरी, दही, भोपळ्याची भाजी, थोडे दाणे हा उपास जास्त सोसतो. नवरात्राचे नऊ दिवस किंवा श्रावणी सोमवार धरत असाल तर आठवडाभर आधी डॉक्टरांकडून त्या दिवसांच्या गोळ्यांची वेळ आणि मात्रा लिहून घ्या. निर्जळी उपास करू नये.

डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्यामुळे दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत महाराष्ट्रात घराघरांत पोचली. ती काहींना मानवते. अडचण येते ती तीन जेवणांच्या बेतानं दिलेल्या गोळ्या तशाच ठेवून दोन जेवणांवर येणाऱ्यांना. पद्धत कोणतीही निवडा, गोळ्यांचं वेळापत्रक आधी जुळवून घ्या.

चालणं, पाय आणि डोळे

सकाळी एकदम तासभर चालायला जमत नसेल तर प्रत्येक जेवणानंतर १० ते १५ मिनिटं चाला. जेवणानंतरचा आकडा त्यानं ठळक खाली येतो. आठवड्यातून दोन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला हात लावून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं असे ताकदीचे व्यायाम करा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडच्या गटातल्या गोळ्या घेत असाल तर व्यायामाआधी मोजा. शंभराच्या खाली असेल तर आधी एखादं केळं किंवा अर्धी पोळी खा.

अनवाणी चालू नका, देवळाच्या दगडी प्रदक्षिणेतही मोजे घाला. पायाची जाणीव कमी झालेली असेल तर फोड आलेला कळत नाही. रोज रात्री तळवे आरशात पाहा.

बऱ्याच काळाची वाढलेली शुगर झपाट्यानं खाली आली तर डोळ्याच्या पडद्याचा आधीचा बिघाड काही काळ वाढू शकतो. वर्षभरात पडदा तपासलेला नसेल तर तक्ता सुरू करण्याआधी तपासा. बिघाड निघाला तर जड वजन उचलण्याचे आणि डोकं खाली करण्याचे व्यायाम नेत्रतज्ज्ञांना विचारल्याशिवाय करू नका.

काटा खाली जातोय, पण आनंद मानू नका, असं कधी?

रक्तातली साखर १८० च्या आसपास गेली की ती लघवीत सांडू लागते. शुगर सतत अडीचशे-तीनशे असेल तर शरीर खाल्लेलं वापरूच शकत नाही. चरबीबरोबर स्नायू झिजतात आणि वजन भराभर उतरतं. तहान, रात्री तीन-चारदा लघवी, मांड्या बारीक होणं ही त्याची लक्षणं. वजन उतरताना शुगरही उतरायला हवी. दोन्ही आकडे उलट दिशांना जात असतील तर लगेच डॉक्टरांकडे जा, आमच्याकडे नंतर या.

सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइड ही मधुमेहाची आणि वजनाची औषधं घेणाऱ्यांची भूकच कमी होते. त्यांनी ताटातली डाळ, अंडं, दही आधी खावं, भाकरी शेवटी. उलट्या थांबत नसतील किंवा पोटात जोरात दुखत असेल तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

मोजणी आणि पहिली भेट

वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, शौचानंतर आणि चहाआधी. शुगर पहिले चार आठवडे रोज दोनदा: उपाशीपोटी, आणि एका जेवणाच्या पहिल्या घासानंतर दोन तासांनी; कोणत्या जेवणानंतर मोजायचं ते रोज बदला. बोट साबणानं धुऊन कोरडं करा. आंबा सोललेल्या हातानं मोजलं तर आकडा खोटाच जास्त येतो. मीटरच्या स्ट्रिपची डबी उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका. एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्तचाचणी, तीन महिन्यांच्या आत पुन्हा करण्यात अर्थ नाही.

येताना चालू गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपा, शेवटचा एचबीएवनसी, क्रिएटिनिन, लघवीतल्या प्रथिनाचा अहवाल, मीटर आणि महिन्याच्या तेलाचा आकडा आणा. घरी स्वयंपाक दुसरं कुणी करत असेल तर त्यांनाही बरोबर आणा. पीठ तोलायचं त्यांना आहे.