हाडाच्या स्कॅफोल्डची छिद्रे आणि बायोफिल्म : पार्श्वभूमी

अपघातात किंवा गाठ काढताना हाडाचा मोठा तुकडा गेला, तर ती पोकळी भरायला सच्छिद्र स्कॅफोल्ड, म्हणजे हाड ज्यात वाढत जाईल असा कृत्रिम सांगाडा, बसवता येतो. त्याची छिद्रे केवढी असावीत याचे रूढ आकडे हाडाची सोय पाहून ठरले. 1971 मध्ये क्लाविटर आणि हल्बर्ट यांनी सिरॅमिकवरच्या कामातून हाड आत शिरायला किमान 100 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) छिद्रे हवीत असे मांडले. 2005 मध्ये काराजॉर्जियू आणि कॅप्लान यांच्या आढाव्याने 300 मायक्रॉनच्या वरची छिद्रे सुचवली, कारण तेवढ्या जागेत रक्तवाहिन्याही वाढतात.

जंतूंचा अभ्यास वेगळ्या वाटेने चालला होता. 1957 मध्ये एलेक आणि कोनेन यांनी स्वयंसेवकांच्या त्वचेवर दाखवले की पू व्हायला एरवी 10 लाखांहून जास्त स्टॅफिलोकोकस जंतू लागतात, पण रेशमी टाका असला की काही शेकडेही पुरतात. परक्या वस्तूचे हे सामर्थ्य धडकी भरवणारे आहे. 1987 मध्ये ग्रिस्टिना यांनी 'पृष्ठभागासाठीची शर्यत' ही कल्पना मांडली: शरीराच्या पेशी आधी पोचल्या तर हाड जुळते, जंतू आधी पोचले तर बायोफिल्म, म्हणजे जंतूंचा चिकट थर, बसते. 1994 मध्ये कॉर्डेरो आणि सहकाऱ्यांनी सशांवर तपासले, तेव्हा सच्छिद्र लेपाच्या कोबाल्ट-क्रोम मिश्रधातूच्या रोपणाला संसर्ग व्हायला गुळगुळीत कोबाल्ट-क्रोमच्या मानाने 40 पट कमी जंतू पुरले.

यामागचे पहिले कारण क्षेत्रफळ. 1 सेंमी बाजूच्या भरीव घनाचा पृष्ठभाग 6 चौ. सेंमी. त्यातच 500 मायक्रॉन व्यासाच्या सरळ नळ्या पाडून 70 टक्के पोकळी केली, तर नुसत्या नळ्यांच्या भिंतीच सुमारे 56 चौ. सेंमी भरतात, व्यास 250 केला की 112. स्टॅफिलोकोकस ऑरियस असतो जेमतेम 1 मायक्रॉनचा. त्याला 100 काय नि 300 काय, दोन्ही दारे सताड उघडी. दुसरे कारण निवारा. तो त्याला मिळतो बंद टोकाच्या छिद्रांत, अरुंद गळ्यांपाशी आणि लेझरने छापलेल्या टायटॅनियमवर अर्धवट वितळून चिकटलेल्या पावडरच्या कणांमागे. तिथे द्रवाचा प्रवाह मंद असतो, पांढऱ्या पेशी आणि प्रतिजैविक उशिरा पोचतात. म्हणून छपाईनंतर आम्लाने किंवा विद्युत-रासायनिक पद्धतीने ते कण काढणे आमच्या मते ऐच्छिक नाही.

उपायही जुनेच. 1970 मध्ये बुखहोल्झ आणि एंगेलब्रेख्त यांनी हाडाच्या सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळले. एस53पी4 ही जैवकाच (हाडात वापरायची काच) आयन सोडून भोवतालचा पीएच आणि परासरण दाब वाढवते, आणि जंतूंना तिथे तगणे अवघड होते. 2012 मध्ये सिकाडा या कीटकाच्या पंखावरचे अतिसूक्ष्म नॅनो-खांब स्यूडोमोनास जंतू मारतात हे दिसले. मात्र जाड भिंतीच्या स्टॅफिलोकोकसवर ते फारसे चालत नाहीत, आणि हाडाच्या संसर्गात मुख्य शत्रू तोच.

दोन रचनांची तुलना बरेचदा मोजमापातच चुकते. बायोफिल्म मोजायला वापरतात तो क्रिस्टल व्हायोलेट हा रंग सच्छिद्र सिरॅमिकमध्ये स्वतःच मुरतो, त्यामुळे जंतू न घातलेला तसाच तुकडा त्याच रंगात बुडवून त्याचे वाचन वजा करावे लागते. सोनिकेशनने, म्हणजे ध्वनिलहरींनी हादरवून, जंतू सोडवून वसाहती मोजल्या, तरी आकडा प्रति तुकडा न देता मायक्रो-सीटी या सूक्ष्म क्ष-किरण स्कॅनवरून काढलेल्या खऱ्या क्षेत्रफळाने भागून द्यावा. नाहीतर बारीक छिद्रांचा नमुना केवळ भिंती जास्त म्हणून वाईट ठरतो, आणि त्या भिंतीवर जंतू खरोखर जास्त चिकटतात का, हे कळतच नाही.