बंद लाइनचा धक्का

एप्रिल-मे आला की गोव्यातल्या वर्तमानपत्रांत वीजपुरवठा बंद राहण्याच्या सूचनांचा रतीब सुरू होतो. अमुक फीडर, अमुक वाडे, सकाळी नऊपासून. वाचणारा कपाळाला हात लावतो, कारण उकाडा जीव काढत असतो आणि पंखा नेमका तेव्हाच बंद. पावसाआधी लाइनच्या देखभालीचं हे काम उरकावंच लागतं. गोव्यात स्वतःची मोठी वीजनिर्मिती नाही. वीज सह्याद्री ओलांडून येते. कोल्हापूरहून 400 केव्हीची (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) लाइन म्हापशाजवळ कोलवाळच्या उपकेंद्रात उतरते, फोंड्याकडे 220 केव्हीच्या लाइन येतात. या वाटेवरचे टॉवर डोंगरात, रानात, शेतात उभे आहेत, आणि त्यांच्यावर माणसालाच चढावं लागतं.

ड्रोन आले तरी माणूस का लागतो? ड्रोन फुटलेला इन्सुलेटर, म्हणजे वीज अडवणारी तबकडी, दाखवतो, बदलत नाही. 220 केव्हीच्या तारेला टॉवरपासून अलग ठेवायला साधारण चौदा तबकड्यांची माळ लागते. किनारपट्टीत या माळांचा वैरी म्हणजे मीठ. दिवाळीनंतर पाऊस नसतो आणि खारे वारे रोज वाहतात, त्यामुळे तबकड्यांवर मिठाचा थर चढतो. कोरडा असेपर्यंत तो निरुपद्रवी असतो, पण पहाटेच्या दवाने ओला झाला की त्यातून वीज वाहू लागते. गळती वाढत जाऊन शेवटी ठिणगी अख्खी माळ ओलांडते आणि लाइन ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते. मग तबकड्या धुवायला किंवा बदलायला कुणीतरी वर जातो.

220 केव्हीचे टॉवर सहसा 30 ते 40 मीटर उंच असतात. तीस मीटरवरून सुटलेला माणूस अडीच सेकंदांत, ताशी 87 किलोमीटर वेगाने जमिनीवर येतो. हे गणित शाळकरी आहे. पट्टा लावलेल्या माणसाचं गणित मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ‘पट्टा होता ना?’ या प्रश्नावर आपली चौकशी संपते.

समजा, 80 किलोच्या माणसाने 1.8 मीटरची दोरी पायाजवळच्या लोखंडाला अडकवली आहे. पट्ट्याची कडी पाठीवर, पायापासून दीड मीटर वर. तोल गेला तर दोरी ताणली जाईपर्यंत तो 3.3 मीटर पडतो. दोरीने त्याला दहा सेंटीमीटरांत थांबवलं तर शरीरावर सुमारे 2,700 किलो वजनाइतका झटका बसतो. कमरेलाच बांधलेला जुना सेफ्टी बेल्ट असेल, तर तो सगळा पोटावर आणि मणक्यावर. त्याच दोरीत उसवत जाणारी शिवण, म्हणजे शॉक अॅब्सॉर्बर असेल आणि थांबायला एक मीटर मिळाला, तर झटका साधारण 340 किलोंवर येतो. दोरी डोक्याच्या वर अडकवली असती तर पडणंच हातभर झालं असतं. म्हणून दोन दोऱ्या हव्यात: एक सोडायची ती दुसरी अडकवल्यावरच. हे करत चढलं तर वेळ दुप्पट लागतो, आणि खाली ‘लाइन कधी चालू होणार’ म्हणून फोन वाजत असतात.

अडकून वाचला तरी सुटका झालेली नसते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू पंपासारखं रक्त वर ढकलतात. निश्चल लटकलं की रक्त पायांत साचतं आणि काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. त्याला उतरवणारा माणूस जागेवरच तयार हवा. खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतातल्या चिखलात किंवा सत्तरी तालुक्याच्या रानात अग्निशमन दलाची शिडी पोचायची कधी?

आता शीर्षकातली गोष्ट. पुष्कळ टॉवरवर दोन बाजूंना दोन सर्किट, म्हणजे तारांचे दोन वेगळे संच असतात. डावं बंद करून काम चालतं, उजवं चालूच राहतं. चालू तारांच्या विद्युतक्षेत्रामुळे शेजारच्या बंद, मोकळ्या तारांवर विजेचा दाब (व्होल्टेज) चढतो, आणि तो हजारो व्होल्टचा असू शकतो. शिवाय चालू तारेतल्या प्रवाहाचं चुंबकीय क्षेत्र बंद तारेत तिच्या लांबीगणिक दाब निर्माण करतं. पहिला दाब एका ठिकाणी अर्थिंग केलं, म्हणजे तार जमिनीशी जोडली, की निचरतो. दुसरा तसा जात नाही; अर्थिंगपासून जितकं दूर जावं तितका तो वाढतो. त्यामुळे कामाच्या जागेच्या दोन्ही अंगांना अर्थिंग करावं लागतं. त्यालाही क्रम आहे: अर्थिंगच्या तारेचं एक टोक क्लॅम्पने आधी टॉवरला, मग दुसरं रॉडने लाइनच्या तारेला. काढताना उलट. क्रम चुकला तर सुटं टोक हातात आणि तारेवरचा सगळा दाब अंगात.

खालच्या 11 केव्हीच्या खांबांवर याचा चुलत प्रकार भेटतो. वीज गेली की हॉटेलचा जनरेटर सुरू होतो. त्याची जोडणी चुकीची असेल तर वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढते आणि बंद लाइन जिवंत होते.

वळिवाच्या दिवसांत वरून आणखी एक संकट. जांभा खडक सुकला की वीज सहजी जमिनीत शिरू देत नाही. टॉवरवर आकाशातली वीज पडली तर टॉवरचाच दाब क्षणभर लाखो व्होल्टवर जातो. ढग गडगडला की खाली उतरायचं, वाद नाही.

एवढ्या जोखमीचे पैसे किती? धोका जास्त तिथे मजुरी जास्त, हे अर्थशास्त्रातलं जुनं गृहीतक. अमेरिकेत मे 2023 मध्ये लाइनमनचा मध्यम वार्षिक पगार सुमारे 85,000 डॉलर होता, सर्व नोकऱ्यांचा 48,000. माझ्या मते ही किंमत धोक्यापेक्षा तीन-चार वर्षांच्या शिकाऊ उमेदवारीची आणि भक्कम कामगार संघटनांची आहे. आपल्याकडे वीज खात्यातल्या कायम लाइनमनला वेतनश्रेणी मिळते. नवे टॉवर उभारणाऱ्या टोळ्या मात्र कंत्राटदाराच्या, बऱ्याचदा झारखंड-बंगालकडच्या, हजेरीवर. झारखंडच्या गिरिडीह जिल्ह्यातल्या बगोदर भागातले लोक याच कामासाठी परदेशीही जातात. एप्रिल 2025 मध्ये नायजरमध्ये त्यांच्यातल्या पाच जणांचं अपहरण झालं.

आणि माणूस गेला तर? नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याचं सूत्र होतं मासिक वेतनाचा निम्मा भाग गुणिले वयानुसार ठरलेला अंक. पंचविशीला हा अंक होता 216.91. जानेवारी 2020 मध्ये वेतनाची मर्यादा 15,000 रुपये ठरवली गेली. त्या हिशेबाने 16,26,825 रुपये. दिवसाला 600 मिळवणारा असो की 1,500, सूत्र 15,000 पाशीच थांबायचं.