किलॉर्ग्लिन

आयर्लंडच्या नैर्ऋत्येस, केरी परगण्यात लॉन नदीकाठच्या चढावर वसलेले छोटे गाव. जवळच्या मॅकगिलिकडीज रीक्स डोंगररांगेतून धरून आणलेला रानबोकड दरवर्षी १० ते १२ ऑगस्ट या तीन दिवसांत इथे राजा असतो. या जत्रेला ‘पक फेअर’ म्हणतात; आयरिश भाषेत ‘पॉक’ म्हणजे बोकड.

जत्रेची कायदेशीर नोंद १६१३ची. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने जेंकिन्स कॉनवे या जमीनदाराला सनद देऊन बाजारात येणाऱ्या जनावरांवर पट्टी घेण्याचा हक्क दिला. जत्रा त्याआधीही भरत असे. काही अभ्यासक तिचे मूळ लूनसा या प्राचीन सुगीच्या सणात शोधतात. गावात मात्र वेगळीच गोष्ट सांगतात: इंग्रज सेनानी क्रॉमवेलचे सैनिक लुटालूट करत येत असताना कळपातून फुटलेला बोकड धावत गावात शिरला, लोक सावध झाले आणि त्यांनी त्याला मुकुट घातला. क्रॉमवेल आयर्लंडात उतरला १६४९ मध्ये. म्हणजे ही कथा खरी धरली, तरी तिने फार तर बोकडाचा उलगडा होतो, जत्रेचा नाही.

पहिल्या दिवशी घोड्यांचा बाजार भरतो. ट्रॅव्हलर या भटक्या समाजातील कुटुंबे त्यासाठी दुरून येतात. घासाघीस अडली की मध्यस्थ दोघांचे हात ओढून एकमेकांत घालतो. तळव्यावर थुंकून टाळी दिली की सौदा पक्का. विकणारा घेतलेल्या रकमेतले थोडे पैसे शुभ म्हणून परत करतो. संध्याकाळी एक शाळकरी मुलगी राणी म्हणून बोकडाला मुकुट चढवते. पूर्वी मग त्याचा पिंजरा उंच मचाणावर जाई. तिसऱ्या दिवशी त्याला उतरवून पुन्हा डोंगरात सोडत. २०२२ मध्ये कडक उन्हामुळे त्याला मध्येच खाली आणावे लागले. मुक्या जनावराच्या हालांवरून तेव्हा बरीच टीका झाली, आणि ती अनाठायी नव्हती.

गावाजवळच्या बॅलिकिसेन धक्क्यावर २१ एप्रिल १९१६ला, ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या ईस्टर उठावाच्या तीन दिवस आधी, त्यासाठी बिनतारी यंत्रणा मिळवायला निघालेल्या आयरिश स्वयंसेवकांची मोटार अंधारात वाट चुकून पाण्यात गेली. तिघे बुडाले, चालक वाचला. उठावातले हे पहिले बळी मानले जातात.

१८८५ मध्ये आलेली रेल्वे १९६० मध्ये बंद पडली. लॉन नदीवरचा तिचा पूल अजून उभा आहे.