ऑलिंपिक फुटबॉल (पुरुष)

उन्हाळी ऑलिंपिक क्रीडासामन्यांत पुरुषांच्या संघांमध्ये खेळली जाणारी आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा. १९३२ चा अपवाद सोडता १९०० पासून प्रत्येक ऑलिंपिकमध्ये ती झाली, असे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या यादीवरून दिसते. आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाच्या (फीफा) हिशेबाने मात्र पहिली अधिकृत स्पर्धा १९०८ ची. खेळाचे नियम इतर स्पर्धांसारखेच असल्याने त्यांचा विचार येथे केलेला नाही (पहा : फुटबॉल). महिलांची स्पर्धा १९९६ मध्ये सुरू झाली व तिला वयाची अट नाही.

प्रारंभाचा वाद : १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये फुटबॉल खेळला गेला, असे काही जुने संदर्भग्रंथ सांगतात. डॅनिश संघाने स्मिर्ना (आजचे तुर्कस्तानातील इझमिर) येथील संघाचा १५-० असा धुव्वा उडविला, इथवर तपशील त्यांत आढळतो. या सामन्याला विश्वसनीय समकालीन आधार नाही. ऑलिंपिकचे इतिहासकार बिल मॅलन यांच्या मते ही एक चूक असून ती एका ग्रंथातून दुसऱ्या ग्रंथात उतरत गेली. हे मत ग्राह्य वाटते. कारण अथेन्समध्येच १९०६ साली, दोन ऑलिंपिकच्या मधल्या काळात भरलेल्या स्पर्धेत डेन्मार्क, स्मिर्ना, अथेन्स व थेस्सालोनिकी असे चार संघ खरोखरच उतरले होते. त्यांतील डेन्मार्कने स्मिर्नाला ५-१ असे हरविले, तर अथेन्सचा संघ मध्यंतरापर्यंत नऊ गोल खाल्ल्यावर मैदानात परतलाच नाही. स्मिर्नाच्या संघात तेथे स्थायिक झालेल्या इंग्रज, फ्रेंच व आर्मेनियन कुटुंबांतले तरुण होते. शहर तेच, प्रतिस्पर्धी तेच. दहा वर्षांचे अंतर कोणा संकलकाच्या हातून पुसले गेले असावे. १९०६ ची ही स्पर्धादेखील ऑलिंपिक समिती आपल्या अधिकृत गणनेत धरत नाही.

१९०० साली पॅरिस येथे जागतिक प्रदर्शनाच्या जोडीने भरलेल्या सामन्यांत फुटबॉलचे दोनच सामने झाले, दोन्ही व्हँसेनच्या सायकल-शर्यतींच्या मैदानावर. २० सप्टेंबरला लंडनच्या अपटन पार्क या हौशी क्लबने फ्रेंच संघाला ४-० असे हरविले. २३ सप्टेंबरला त्याच फ्रेंच संघाने बेल्जियमचा ६-२ असा पराभव केला. बेल्जियमच्या बाजूने खेळणारे मुख्यतः ब्रुसेल्सचे विद्यार्थी होते. ब्रिटन व बेल्जियम एकमेकांशी खेळलेच नाहीत आणि पदकेही दिली गेली नाहीत. सुवर्ण, रौप्य व कांस्य ही क्रमवारी ऑलिंपिक समितीने मागाहून लावली. राष्ट्रीय संघ म्हणावा असा त्यांत एकही नव्हता.

१९०४ च्या सेंट लुइस येथील स्पर्धेची कथा याहून आखूड आहे. नोव्हेंबरमध्ये कॅनडाच्या आँटॅरिओ प्रांतातील गाल्ट फुटबॉल क्लबने ख्रिश्चन ब्रदर्स कॉलेजला ७-० व सेंट रोज पॅरिशला ४-० असे हरविले. उरलेले दोन्ही संघ सेंट लुइस शहरातलेच होते. फीफाची स्थापना २१ मे १९०४ रोजी पॅरिसला झाली. त्यामुळे १९०० ची स्पर्धा तिच्या जन्माआधीची, तर १९०४ ची जेमतेम सहा महिन्यांनंतरची ठरते. क्लब-संघांच्या या दोन्ही स्पर्धांना फीफा आपल्या इतिहासात स्थान देत नाही. ऑलिंपिक समिती मात्र देते, आणि या एका मतभेदावर पुढची सारी आकडेमोड हेलकावे खाते.

१९०८ ते १९३६ : लंडनच्या स्पर्धेची व्यवस्था इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनकडे होती. हंगेरी व बोहेमिया यांनी माघार घेतल्याने मैदानात सहाच संघ राहिले, त्यांपैकी दोन फ्रान्सचे. डेन्मार्कने फ्रान्सच्या मुख्य संघावर १७ गोल चढविले. त्यांतले दहा एकट्या सोफस नील्सेनचे. अंतिम सामन्यात ब्रिटनने डेन्मार्कला २-० असे नमविले. ब्रिटनच्या नावाने उतरलेला हा संघ वस्तुतः इंग्लंडचा हौशी संघ होता. १९१२ मध्ये स्टॉकहोम येथे याच दोन संघांत पुन्हा अंतिम सामना होऊन ब्रिटन ४-२ असा जिंकला. याच स्पर्धेत जर्मनीच्या गॉटफ्रिड फुक्सने रशियाविरुद्ध दहा गोल करून नील्सेनशी बरोबरी साधली. फुक्स ज्यू होता; नाझी राजवटीत त्याला देश सोडावा लागला.

१९१४ च्या अधिवेशनात फीफाने एक ठराव केला : आपल्या नियमांनुसार खेळविल्यास ऑलिंपिक स्पर्धेला ‘हौशी खेळाडूंची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा’ म्हणून मान्यता द्यावी. महायुद्धामुळे त्याची अंमलबजावणी लांबली. १९२० च्या अँटवर्प येथील अंतिम सामना आजवरचा एकमेव अपूर्ण अंतिम सामना आहे. बेल्जियम २-० असा पुढे असताना एका खेळाडूला बाहेर काढल्याचे निमित्त होऊन चेकोस्लोव्हाकियाचा संघ मध्यंतरापूर्वीच मैदान सोडून गेला. पंच जॉन लुइस इंग्रज होते व पासष्टीला पोहोचले होते. त्यांच्या निर्णयांबरोबरच मैदानाभोवतालच्या बेल्जियन सैनिकांविषयीही चेक संघाची तक्रार होती. संघ बाद ठरला व रौप्यपदक स्पेनला मिळाले. ईजिप्तच्या रूपाने यूरोपबाहेरचा राष्ट्रीय संघ या स्पर्धेत प्रथम दिसला तो याच वर्षी.

१९२४ (पॅरिस) व १९२८ (अ‍ॅम्स्टरडॅम) या दोन्ही स्पर्धा उरुग्वायने जिंकल्या. पहिल्या वेळी स्वित्झर्लंडला ३-० असे हरवून, दुसऱ्या वेळी अर्जेंटिनाशी १-१ अशा बरोबरीनंतर फेरसामन्यात २-१ असे. उरुग्वायच्या जर्सीवरील चार ताऱ्यांपैकी दोन या विजयांचे आहेत. उरलेले दोन १९३० व १९५० च्या विश्वचषकांचे. कॉर्नरवरून कोणाचाही स्पर्श न होता थेट जाळ्यात गेलेल्या गोलाला दक्षिण अमेरिकेत ‘ऑलिंपिक गोल’ म्हणतात. तसा गोल ऑलिंपिकमध्ये झाला म्हणून हे नाव पडलेले नाही. ऑक्टोबर १९२४ मध्ये ब्वेनस आयरेस येथील सामन्यात अर्जेंटिनाच्या सेसारिओ ओन्सारीने तो नुकत्याच ऑलिंपिक विजेत्या झालेल्या उरुग्वायविरुद्ध मारला, एवढाच त्याचा ऑलिंपिकशी संबंध.

हौशी कोणाला म्हणावे, या प्रश्नावरून याच सुमारास फाटाफूट झाली. खेळासाठी बुडालेल्या मजुरीची भरपाई घेणारा खेळाडू हौशी राहतो, असे यूरोपातील अनेक संघटनांचे म्हणणे होते. ते ब्रिटिश संघटनांना अमान्य होते. १९२८ मध्ये त्यांनी फीफा सोडली ती याच कारणास्तव. त्याच वर्षी अ‍ॅम्स्टरडॅम येथील अधिवेशनात फीफाने व्यावसायिकांनाही खुली असलेली स्वतंत्र स्पर्धा भरविण्याचे ठरविले. ती १९३० चा विश्वचषक होय. १९३२ च्या लॉस अँजेल्स ऑलिंपिकमधून फुटबॉल वगळण्यात आला.

१९३६ च्या बर्लिन स्पर्धेत पेरूने जादा वेळेत ऑस्ट्रियाला ४-२ असे हरविले. पण प्रेक्षक मैदानात घुसल्याच्या तक्रारीवरून तो सामना रद्द करून पुन्हा खेळण्याचा आदेश निघाला. पेरूने तो न मानता संपूर्ण पथक मायदेशी नेले. हा आदेश हिटलरच्या इच्छेने निघाला, अशी समजूत पेरूमध्ये रूढ आहे. निर्णय फीफाच्या तक्रार निवारण मंडळाचा होता, एवढेच कागदोपत्री दिसते. तेवढेच मानणे बरे. सुवर्णपदक इटलीला मिळाले.

हौशीपणाचे रूपांतर : १९४८ मध्ये स्वीडन विजयी झाले. त्यानंतर १९५२ ते १९८० या काळातील आठही सुवर्णपदके पूर्व यूरोपातील समाजवादी देशांनी घेतली : हंगेरी तीन वेळा, सोव्हिएट संघ, यूगोस्लाव्हिया, पोलंड, पूर्व जर्मनी व चेकोस्लोव्हाकिया प्रत्येकी एकदा. या देशांत व्यावसायिक फुटबॉल कायद्याने नव्हताच. खेळाडू सैन्यात किंवा कारखान्यात नोकरीला असत व प्रत्यक्षात पूर्ण वेळ फुटबॉल खेळत. फेरेन्त्स पुश्काश हंगेरीच्या सैन्यातील अधिकारी म्हणून ‘हौशी’ होता. हेलसिंकीला १९५२ चे सुवर्णपदक जिंकणारा त्याचाच संघ पुढल्या वर्षी वेम्ब्लीवर इंग्लंडला ६-३ असे हरवून आला. पश्चिम यूरोपीय देश मात्र खरोखरच हौशी किंवा उमेदवारी करणारे खेळाडू पाठवीत. या तीन दशकांत पूर्व यूरोपाबाहेर पदके गेली ती फक्त स्वीडन (१९५२), डेन्मार्क (१९६०) व जपान (१९६८) यांना. १९६४ मध्ये एकत्रित जर्मनीच्या नावावर लागलेले कांस्यही पूर्व जर्मन खेळाडूंनीच मिळविले होते.

इंग्लंडमध्ये १९७४ साली हौशी-व्यावसायिक हा भेदच रद्द झाला आणि ब्रिटनचा संघ या स्पर्धेतून नाहीसा झाला. तो परतला २०१२ मध्ये, लंडनच्या यजमानपदापुरता.

याच कालखंडातील सर्वांत मोठी दुर्घटना प्रत्यक्ष ऑलिंपिकमधली नव्हे, पात्रता फेरीतली आहे. २४ मे १९६४ रोजी लिमा येथे पेरू-अर्जेंटिना सामन्यात यजमानांचा गोल नाकारल्यावर गोंधळ उसळला. अश्रुधुरामुळे पळणारे लोक बंद दरवाजांपाशी चिरडले गेले व अधिकृत आकड्याप्रमाणे ३२८ जण मरण पावले.

१९८४ मध्ये व्यावसायिकांना प्रवेश मिळाला, मात्र यूरोप व दक्षिण अमेरिकेतील विश्वचषक खेळलेले खेळाडू वर्ज्य ठरले. ऑलिंपिक समितीला नामवंत खेळाडू हवे होते. फीफाला विश्वचषकाला दुसरा प्रतिस्पर्धी नको होता. ही तडजोड त्यातून निघाली. त्या वर्षी पॅसाडेनाच्या रोझ बोलमध्ये फ्रान्स-ब्राझील अंतिम सामन्याला १,०१,७९९ प्रेक्षक होते. १९९२ पासून स्पर्धा २३ वर्षांखालील खेळाडूंची झाली. १९९६ पासून प्रत्येक संघात तीन ज्येष्ठ खेळाडू घेता येऊ लागले. (टोकिओची स्पर्धा २०२१ वर ढकलली गेल्याने तेवढ्यापुरती वयोमर्यादा २४ करण्यात आली.) १९९६ मध्ये नायजेरिया व २००० मध्ये कॅमेरून विजयी झाल्यावर वयाच्या अटीमुळे सत्तेचा समतोल बदलला, असे म्हटले जाऊ लागले. ते अंशतः खरे आहे. त्यानंतरची सुवर्णपदके अर्जेंटिना, मेक्सिको, ब्राझील व स्पेन यांनीच घेतली.

क्लबांवर खेळाडू सोडण्याचे बंधन नसणे ही या स्पर्धेची आजची मुख्य अडचण. २००८ मध्ये बार्सेलोना, शाल्के व व्हेर्डर ब्रेमेन या क्लबांच्या बाजूने क्रीडा लवादाने निर्णय दिला. तरीही बार्सेलोनाने अखेर परवानगी दिल्याने लिओनेल मेसी बीजिंगला खेळला व अर्जेंटिना जिंकला.

भारत : भारतीय संघ १९४८ ते १९६० या काळात सलग चार ऑलिंपिक खेळला, नंतर एकदाही पात्र ठरलेला नाही. लंडनमध्ये ३१ जुलै १९४८ रोजी तालिमेरेन आओ यांच्या नेतृत्वाखाली, बहुतेक खेळाडू अनवाणी असताना, भारत फ्रान्सकडून १-२ असा हरला. त्या दिवशी भारताच्या दोन पेनल्टी वाया गेल्या. सारंगपाणी रामन याचा गोल हा भारताचा पहिला ऑलिंपिक गोल. हेलसिंकीला यूगोस्लाव्हियाने १०-१ असे हरविल्यानंतर बूट सक्तीचे झाले. १९५६ च्या मेलबर्न स्पर्धेत हंगेरीच्या माघारीमुळे पहिली फेरी खेळावी लागली नाही. उपांत्यपूर्व सामन्यात भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविले, त्यात मुंबईच्या क्लबांकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझाने तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य सामन्यातही यूगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोल त्याचाच होता. मात्र भारत १-४ असा हरला व कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० अशी मात केली. स्पर्धेतील सर्वाधिक, म्हणजे चार गोल करणाऱ्या तिघांत डिसूझा होता. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम व कर्णधार समर (बद्रू) बॅनर्जी यांच्या या चौथ्या क्रमांकाला ‘एकच विजय’ म्हणून कमी लेखण्याची रीत आहे. संघ अकराच होते हेही खरे. परंतु त्यानंतर रोमला (१९६०) प्रदीपकुमार बॅनर्जी यांच्या संघाने फ्रान्सला १-१ असे रोखले व हंगेरीशी १-२ अशी झुंज दिली, तेव्हा मेलबर्नचे यश निव्वळ योगायोगाचे म्हणता येत नाही.

विद्यमान स्वरूप : सोळा संघ, चार गट व नंतर बाद फेरी अशी रचना पॅरिसपर्यंत (२०२४) होती. सामने यजमान शहराबाहेरही होतात आणि उद्‌घाटन सोहळ्याआधीच सुरू होतात. पॅरिसच्या अंतिम सामन्यात स्पेनने फ्रान्सला जादा वेळेत ५-३ असे हरविले. कांस्यपदक मोरोक्कोला मिळाले. २०२८ च्या लॉस अँजेल्स स्पर्धेत पुरुषांचे बारा व महिलांचे सोळा संघ असतील.

सर्वाधिक सुवर्णपदकांचा मान हंगेरीचा (१९५२, १९६४, १९६८). ब्रिटन त्याच्या बरोबरीला आहे की मागे, हे १९०० चा अपटन पार्कचा विजय मोजावा की नाही यावर अवलंबून असते. ऑलिंपिक समितीच्या यादीत ब्रिटनची तीन सुवर्णपदके आहेत, फीफाच्या यादीत दोन.