वेड्यांच्या इस्पितळाचा जमाखर्च

मराठीत एखाद्याला वेड्यात काढायचं तर डॉक्टरचं नाव घ्यावं लागत नाही, गावाचं घेतलं की भागतं. मुंबईकर म्हणतो, ‘याला ठाण्याला पाठवा’. पुणेकर येरवड्याकडे बोट दाखवतो. ही गावं थट्टेत आली ती तिथल्या इस्पितळांमुळे. आणि ही इस्पितळं तिथेच का, शेजारी तुरुंग का, आत माणसं किती आणि खायला काय, हे ठरवण्यात रोगाइतकाच पैशाचाही हात होता.

कंपनी सरकारच्या काळात वेड्यांना सांभाळणं हा चक्क धंदा होता. मद्रासमध्ये १७९४ साली व्हॅलेंटाइन कॉनोली या सर्जनने स्वतः इमारत उभी केली आणि ती कंपनीला भाड्याने दिली. कलकत्त्याजवळ भवानीपूरला बिअर्ड्समोर नावाच्या गृहस्थाने युरोपियन आणि अँग्लो-इंडियन रुग्णांसाठी खासगी आश्रम चालवला. तिथे रुग्णांचे वर्ग पाडलेले असत आणि त्या वर्गाप्रमाणे सरकार डोई महिना पैसे मोजत असे. अशा मक्त्यातली मेख उघड आहे. दर ठरलेला, त्यामुळे ताटातून जे वाचेल ते मालकाच्या खिशात.

जे गोरे लवकर बरे होण्यातले नव्हते, त्यांना जहाजात बसवून विलायतेला धाडत. १८१८ पासून त्यांची रवानगी लंडनजवळच्या पेम्ब्रोक हाउसमध्ये होई आणि तिथलं बिल कंपनी भरी. १८७० मध्ये त्यासाठी ईलिंगला सरकारी इस्पितळच काढलं, ते १८९२ पर्यंत चाललं. भ्रमिष्ट झालेला साहेब इथल्या बाजारात फिरताना दिसणं राज्यकर्त्यांना परवडणारं नव्हतं. ती अब्रू राखायला ते खर्च सोसत होते. देशी वेड्याच्या बाबतीत अब्रूचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे हात आखडता.

मग १८५८ आलं. कंपनी गेली, राणीचं राज्य आलं आणि त्याच वर्षी वेड्यांविषयीचे तीन कायदे झाले, ३४, ३५ आणि ३६ क्रमांकाचे. यातले पहिले दोन मुख्यतः वेड्याच्या इस्टेटीचे. एक कलकत्ता, मद्रास आणि मुंबईतल्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टांच्या हद्दीसाठी, दुसरा मुफसलासाठी, म्हणजे बाहेरच्या जिल्ह्यांसाठी. जमीनजुमला असलेल्याचं वेड दिवाणी कोर्टात जाई. उरलेल्यांसाठी छत्तिसावा कायदा. त्यात उघड्यावर भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या वेड्याला पकडून मॅजिस्ट्रेटपुढे उभं करणं हे पोलिसांचं काम ठरलं. डॉक्टरचा दाखला मिळाला की रवानगी इस्पितळात. त्यातच वसुलीचीही तरतूद होती. वेड्याच्या नावावर काही मालमत्ता असेल, किंवा त्याला पोसण्याची कायदेशीर जबाबदारी कुणावर असेल, तर पोषणाचा खर्च कोर्टामार्फत तिथून वळता करायचा. पण रस्त्यावरून उचलून आणलेल्याकडून वसूल काय करणार? पोलिसांनी भरती करायची आणि खर्च खजिन्याने सोसायचा, असाच व्यवहार झाला. नातेवाईक न्यायला आला आणि नीट सांभाळीन, कुणाला इजा होऊ देणार नाही अशी हमी दिली, तर माणूस सुटू शकत होता. सुटला की एक ताट कमी.

डिसेंबर १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या सरकारने तुरुंग, पोलीस, शिक्षण, रस्ते, वैद्यकीय सेवा अशी खाती ठराविक रकमेसह प्रांतांच्या गळ्यात बांधली. हा वरवर कोरडा वाटणारा ठराव, पण त्याने वेड्यांचं इस्पितळ शाळा आणि सडकांच्या पंगतीला येऊन बसलं. एकाच थैलीतून सगळ्यांना वाढायचं म्हटल्यावर या पाहुण्याचा आग्रह कोण करणार?

मुंबई इलाख्यात तेव्हा कुलाबा, धारवाड, अहमदाबाद, सिंधमधलं हैदराबाद आणि पुढे रत्नागिरी अशी इस्पितळं होती. नागपूरचं १८६४ चं, पण ते मध्य प्रांतात. इलाख्यातल्या इस्पितळांचा वार्षिक अहवाल छापला जाई आणि त्याच्या शेवटी तक्ते असत. खुराक, नोकरवर्ग, कपडे-अंथरूण, औषधं, किरकोळ अशी खर्चाची कलमं आणि अखेरीस एक आकडा, दरडोई वार्षिक खर्च. वरचे अधिकारी बघत तो हा आकडा. गंमत अशी, की हा आकडा काढताना एकूण खर्चाला रोजच्या सरासरी रुग्णसंख्येने भागायचं. पगार, भाडं, दुरुस्ती हे खर्च रुग्ण वाढले म्हणून त्याच प्रमाणात वाढत नाहीत. म्हणजे शंभरांच्या जागेत दीडशे कोंबले की दरडोई खर्च आपोआप उतरतो. खोलीत हवा नाही, अंथरुणाला अंथरूण टेकलेलं, पण कागदावर कारभार काटकसरीचा. उलट धान्य महागलं की आकडा चढायचा. १८७६-७८ चा दुष्काळ घ्या किंवा १८९९-१९०० चा. ज्वारी-बाजरीचे भाव भडकले की काही दोष नसताना सुपरिंटेंडेंटने खुलासा लिहायचा. बहुतेक ठिकाणी हा सुपरिंटेंडेंट म्हणजे जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन. त्याच्याकडे इतर दवाखाने असतच, वेड्यांचं इस्पितळ हे वरचं ओझं.

खर्चाखाली वजाबाकीचंही एक कलम असे, रुग्णांच्या कामातून झालेलं उत्पन्न. बागकाम, विणकाम, दळण, शिवण. काम हा उपचार आहे असं डॉक्टर मानत आणि त्यात खोटं काही नाही. हात गुंतले की डोकं थोडं निवतं हे आपल्याकडच्या बायकांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. पण कलकत्त्याच्या डलंडा इस्पितळात आर्थर पेन या सुपरिंटेंडेंटने हे इतक्या नेटाने चालवलं, की तिथल्या घाण्यांवर निघणारं मोहरीचं तेल हे जमेचं भरघोस कलम होऊन बसलं. आता चांगला राबणारा रुग्ण घरी सोडायचा की ठेवायचा? हा प्रश्न वहीत लिहिलेला नसतो, पण त्या वहीतूनच निघतो.

इमारतींसाठी शेटजींकडे बघायचं ही मुंबईची जुनी रीत. सिंध हैदराबादच्या इस्पितळाला सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांची देणगी मिळाली. ठाण्यात नौपाड्याचं इस्पितळ विसाव्या शतकाच्या तोंडावर उभं राहिलं, त्याला नरोत्तमदास माधवदास यांचं नाव आहे. दगडी इमारतीवर नाव कोरता येतं. रोजच्या डाळ-भाकरीवर कुणाचं नाव कोरणार? त्यामुळे चालवण्याचा खर्च शेवटी सरकारकडेच राहिला.

कुलाब्यातून उठण्यामागेही जागेचं गणित होतं. १८३८ मध्ये कुलाब्याला जोडणारा रस्ता झाला, १८४४ मध्ये कापसाचा बाजार तिकडे गेला आणि एका टोकाची जागा बघता बघता मोक्याची झाली. कुलाब्याच्या इस्पितळातली गर्दी ठाण्याला हलली आणि पुढे १९१० च्या दशकात येरवड्याला मध्यवर्ती इस्पितळ आलं, जिथे तुरुंग आधीपासून होताच. हा शेजार केवळ भिंतींचा नव्हता. १९०५ च्या सुमारापर्यंत बऱ्याच ठिकाणी अशा इस्पितळांवर देखरेख तुरुंग खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलची असे. (ठाण्याची ती स्वस्त जागाही आता स्वस्त राहिलेली नाही. ठाणे आणि मुलुंडच्या मधल्या नव्या रेल्वे स्थानकासाठी इस्पितळाच्याच आवारातली जमीन निवडली गेली.)

१९१८ मध्ये रांचीला युरोपियनांसाठी वेगळं इस्पितळ निघालं. देशी रुग्णांचं त्याच्या शेजारचं कांकेचं इस्पितळ १९२५ मध्ये. मधल्या काळात १९१९ च्या राज्यकारभाराच्या सुधारणांनी ही संस्था प्रांतातल्या हिंदी मंत्र्यांकडे आली. थैलीच्या दोऱ्या मात्र मुख्यतः गव्हर्नरकडे राहिलेल्या राखीव खात्यांच्या हातात. १९२० च्या दशकात पाट्या बदलल्या आणि ‘ल्युनॅटिक असायलम’चं ‘मेंटल हॉस्पिटल’ झालं. पाटी रंगवायला फारसा खर्च येत नाही. १९४६ मध्ये देशातल्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने हिशेब मांडला तेव्हा हिंदुस्थानात साधारण ४०,००० लोकांमागे मनोरुग्णांसाठी एक खाट होती, इंग्लंडात ३०० लोकांमागे एक.

१८५८ च्या कायद्यांची जागा १९१२ च्या कायद्याने घेतली होती. इस्टेटीतून किंवा नातेवाइकांकडून पोषणखर्च वसूल करायची कलमं त्यातही होती, आणि १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही त्यासाठी एक अख्खं प्रकरण राहिलं. तो कायदा अमलात यायला १९९३ उजाडलं. दारिद्र्यरेषेखालच्या, निराधार किंवा बेघर मनोरुग्णाला, हातात दारिद्र्यरेषेचं कार्ड असो वा नसो, मोफत उपचारांचा हक्क आहे, हे कायद्यात लिहिलं गेलं २०१७ साली.