‘घटनात्मक नैतिकता’ आली कुठून?

शबरीमला (मंदिरात स्त्रियांना प्रवेश) आणि कलम ३७७ (समलिंगी संबंध), या २०१८च्या दोन्ही निकालांत सर्वोच्च न्यायालयाने ‘घटनात्मक नैतिकते’चा आधार घेतला आणि हा शब्दप्रयोग टीव्हीवरच्या चर्चांपर्यंत पोहोचला. बहुसंख्यांच्या समजुतींपेक्षा घटनेची मूल्ये वरचढ, असा त्याचा आजचा अर्थ. मुळात तो वेगळ्याच कामासाठी आला होता.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे ठेवला. कारभाराचे बारीकसारीक तपशील घटनेत कशाला कोंबलेत, ही एक तक्रार होती. उत्तरादाखल त्यांनी जॉर्ज ग्रोटचा उतारा वाचला. हा ग्रोट लंडनचा, विद्यापीठाची पायरी न चढलेला, घरच्या बँकेत बसणारा, काही वर्षे खासदारही. ग्रीसचा त्याचा बारा खंडी इतिहास १८४६ ते १८५६ या काळात निघाला.

ग्रोटचा विषय होता क्लेइस्थेनीस, म्हणजे इ.स.पू. ५०८च्या सुमारास अथेन्सची घडी बदलणारा पुढारी. तिथल्या खापर-मतदानाचं श्रेय त्यालाच दिलं जातं. डोईजड झालेल्या पुढाऱ्याचं नाव खापरावर कोरायचं. किमान सहा हजार खापरं पडली तर दहा वर्षं हद्दपारी, मालमत्तेला मात्र हात नाही. ग्रोटने या प्रथेचं समर्थन केलं. नियम पाळायचे, सत्ताधाऱ्यांवर मोकळेपणी टीका करायची आणि विरोधकही हेच नियम पाळेल असा भरवसा ठेवायचा, ही सवय म्हणजेच त्याची ‘घटनात्मक नैतिकता’, आणि ती तेव्हा लोकांत मुरलेली नव्हती. तोवर असली ठिगळं लागणारच, हे त्याचं म्हणणं. अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीच्या उत्तर उतारावर एका विहिरीत थेमिस्टोक्लीस या पुढाऱ्याच्या नावाची सुमारे १९० खापरं सापडली. अक्षर तपासलं तर ती जेमतेम चौदा जणांच्या हातची! आधीच लिहून वाटायला ठेवलेली असावीत. ‘कार्यकर्ते’ तेव्हाही होते तर.

बाबासाहेबांचा युक्तिवाद याच वळणाचा आहे. ही नैतिकता उपजत नसते, जोपासावी लागते. भारतातली लोकशाही म्हणजे मूळच्या लोकशाहीविरोधी जमिनीवरचा वरवरचा थर. म्हणून तपशील लिहूनच ठेवलेले बरे. त्याच भाषणात त्यांनी खेड्यांच्या गौरवाचीही हजेरी घेतली, हे ग्रामस्वराज्यवाद्यांना फार झोंबलं.

पण २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात त्यांनी देशी पुरावाही काढला: बौद्ध भिक्षुसंघ. बैठकीची जागा, ठराव, गणसंख्या, मतमोजणी, सगळ्याचे नियम संघाकडे होते. विनयपिटकात, म्हणजे संघाच्या नियमग्रंथात, ठरावाला ‘ञत्ति’ म्हणतात आणि मत द्यायचं ते शलाकेने, म्हणजे लाकडी काडीने. काड्या गोळा करणारा भिक्षू लोभ, द्वेष, मोह आणि भय यांच्या आहारी न जाणारा हवा. मत गुप्त, उघड किंवा कानात कुजबुजून घेता येई.

आणि एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. गुप्त मोजणीत अधर्माची बाजू घेणारे जास्त निघाले, तर मतं नीट घेतली गेली नाहीत असं म्हणून ती रद्द करण्याची मुभा त्या भिक्षूला होती. २०१८चे निकाल ग्रोटपेक्षा या काडीवाल्याच्या जास्त जवळचे वाटतात.